मंगळावरचे पाणी आणि आमचा ओढा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीची सभा भरली होती. विषय नेहमीचाच, पाण्याचा. नळाला पाणी येते ते दिवसाआड, तेही अर्धा-पाऊण तास. टँकरची वर्गणी दर महिन्याला वाढती. आणि पिण्यासाठी घरोघर निळे जार. बोलणे वाढत वाढत हमरीतुमरीवर येणार, इतक्यात एक गृहस्थ उठून म्हणाले, "अहो, ते लोक मंगळावर पाणी शोधताहेत आणि इथं आम्हाला आंघोळीला पाणी नाही! आधी चाकणात शोधा म्हणावं, मग जा मंगळावर!" सभा खोखो हसली. चार टाळ्याही पडल्या. भांडण तिथेच मिटले आणि चहा आला.

त्या हसण्यात मीही सामील होतो. घरी आल्यावर मात्र मला त्या हसण्याची लाज वाटू लागली, आणि ती अजून गेलेली नाही. हा लेख त्या लाजेपोटी लिहिला आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकलेले बरे.

मी शास्त्रज्ञ नाही. मी मॅट्रिक झालेला ड्रॉइंग मास्तर आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा 'तुम्हाला मंगळातले काय कळते?' असे कोणी विचारल्यास माझ्यापाशी उत्तर नाही. परंतु ज्या वाक्यावर आम्ही हसलो, ते वाक्य मंगळाविषयी नाहीच. ते आमच्याविषयी आहे. आणि आमच्याविषयी मला थोडेबहुत कळते.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. एस. टी. च्या गाडीत, केस कापावयाच्या दुकानात, शिक्षकांच्या खोलीत, एकदा तर स्वातंत्र्यदिनाच्या भाषणातही ऐकले. ते ऐकावयास गोड आहे. त्यात गरिबांचा कळवळा आहे, सरकारला चिमटा आहे, आणि बोलणाऱ्याला स्वतः काहीही करावे लागत नाही ही सर्वांत मोठी सोय आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, पाण्यावाचून तडफडणाऱ्याची तुम्ही थट्टा करता काय? मुळीच नाही. रखरखत्या उन्हात हंडा घेऊन टँकरची वाट पाहणारी बाई जेव्हा हा प्रश्न विचारते, तेव्हा तिला तो अधिकार आहे. तिच्यापुढे दुर्बिणीचे माहात्म्य सांगण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. परंतु आमच्या सभेत हसणारे आम्ही त्या बाईचे कोणी नव्हतो. आम्ही प्लॉटवाले होतो. हा फरक मी पुढे स्पष्ट करीनच.

आधी खर्चाचा हिशेब करू. आपल्या देशाने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून मंगळयान सोडले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाभोवती फिरू लागले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. त्या वेळची लोकसंख्या सव्वाशे कोटी धरली तर माणशी साडेतीन-चार रुपये पडले. टपरीवरच्या एका 'कटिंग'लाही ते पुरत नव्हते. सहा महिन्यांच्या बेताने पाठवलेले ते यान २०२२ मध्ये मुके होईपर्यंत जवळजवळ आठ वर्षे चालले. आमच्या नळाचे पाणी या चार रुपयांत गेले असे ज्याला मनापासून वाटत असेल, त्याचे चार रुपये मी परत करावयास तयार आहे.

आता मुख्य मुद्दा. मंगळावर पाणी शोधतात म्हणजे नेमके काय करतात? तिथे कोणी बालदी घेऊन जात नाही. आज तिथे पाणी आहे ते ध्रुवांवर आणि जमिनीखाली, बर्फाच्या रूपाने. शास्त्रज्ञ शोधतात ते फार जुने पाणी, सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी वाहिलेले आणि पुढे नाहीसे झालेले. गेलेल्या पाण्याच्या खुणा वाचणे हे ते काम आहे.

या शोधाचा आरंभ एका चुकीने झाला. १८७७ साली स्कियापारेली या इटालियन ज्योतिर्विदाला दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्याने आपल्या भाषेत त्यांना 'कानाली' म्हटले. त्या शब्दाचा अर्थ नुसता पन्हळ किंवा चर असाही होतो. पण इंग्रजीत त्याचे 'कालवे' झाले. कालवे म्हटले की खणणारे आले! लॉवेल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्यापायी वेधशाळा बांधली आणि मंगळावरचे लोक ध्रुवावरचे पाणी शेतीला नेतात, असे ग्रंथ लिहिले. १९६५ साली मरीनर-४ या यानाने जवळून छायाचित्रे घेतली तेव्हा ना कालवे दिसले, ना पाटकरी, नुसते खड्डे. तिथेच सारे संपावयाचे. पण शोधणारे थांबले नाहीत. १९७१-७२ साली मरीनर-९ ने साऱ्या ग्रहाचे चित्रण केले आणि त्यात खरोखरीची कोरडी नदीपात्रे निघाली. वळणे घेत गेलेली, उपनद्या येऊन मिळालेली. चुकीचे पाणी खोडले गेले म्हणून खरे पाणी सापडले. आपली चूक अशी चारचौघांत खोडून पुन्हा कामाला लागण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. तिची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

पुढची गोष्ट तर आमच्या गावच्या कोणत्याही गुराख्याला समजेल अशी आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी नावाची गाडी मंगळावरच्या गेल नावाच्या विवरात उतरली. सप्टेंबरात तिने एका फुटलेल्या खडकाची छायाचित्रे पाठवली. त्या खडकात गोटे चिकटलेले होते, लहान-मोठे, कोपरे झिजून गोल झालेले. ते इतके मोठे होते की वाऱ्याने वाहून येणे शक्य नव्हते. गोटा गोल होतो तो पाण्यात गडगडत आल्यावर. त्या गोट्यांच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी सांगितले की तिथे एक ओढा वाहत होता. पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत असावे आणि ते साधारण माणसाच्या चालीने वाहत असावे. पुढे त्याच विवरात जुन्या सरोवराच्या तळचा गाळ, दगड झालेला, सापडला. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हरन्स ही दुसरी गाडी जेझेरो नावाच्या विवरात उतरली, तिथे तर नदी सरोवराला मिळते त्या जागचा पंख्यासारखा पसरलेला गाळ आहे. जेझेरो हे बोस्नियातल्या एका गावाचे नाव, आणि तिकडच्या भाषेत त्याचा अर्थच सरोवर.

कमरेएवढ्या पाण्याचा ओढा! कोट्यवधी मैलांवरचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. आणि त्याची साक्ष कोणी दिली, तर चार गोट्यांनी.

हे दगडही आपल्याला परके नाहीत. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी ज्या जातीच्या खडकाचा आहे, त्याच जातीचा आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार झाले. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर अशाच काळ्या पाषाणात उल्का आदळून झाले. म्हणून मंगळावरची विवरे समजून घ्यावयास शास्त्रज्ञ लोणारला येतात. इतके लांब तरी कशाला? आमच्याकडे विहीर खणताना खडकाच्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक निघतात. आम्ही पोरे त्यांना सरसकट गारगोट्या म्हणत असू. त्यांतले पुष्कळसे 'झिओलाइट' जातीचे असतात. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने अशाच एका खड्याला आच दिली, तेव्हा त्यातून वाफ निघाली. म्हणून त्याने त्याला ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड' हे नाव दिले. लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या फटींतून जे पाणी मुरत फिरले, त्याने हे खडे घडवले आणि त्यांतले थोडे पाणी त्यांच्यातच राहिले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून निघालेले निळे कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडून ठेवलेले आहे. आणि आम्ही इकडे तेच दगड खडी करून पायात भरतो.

आमच्या आळीत एक म्हातारे पाणाडे होते. सारे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या हातातल्या फांदीवर माझा विश्वास नव्हता. परंतु फांदी हाती धरण्याआधी ते शिवारभर हिंडत, उंबर कुठे आहे ते पाहत, मुरूम चिमटीत चुरडून बघत, पाषाणाला फट कोणत्या अंगाने गेली आहे ते न्याहाळत. त्यावर मात्र माझा पूर्ण विश्वास होता. आज वाटते, मंगळावरची ती सहा चाकांची गाडी करते ते हेच. तात्या गेले, त्यांच्यामागे गावात बोअरचे यंत्र आले. त्याला काही वाचावे लागत नाही. पाणी लागेपर्यंत ते खाली जाते, आणि नाही लागले तर दुसरीकडे जाते.

आता आमच्या ओढ्याची हकिकत. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. इंद्रायणीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यातले कोणत्याही गावाचे नाव घातले तरी चालेल.

माझ्या लहानपणी आमच्या गावाला ओढा होता. माघापर्यंत त्याला पाणी असे. आई तिथे धुणे धुवी, आम्ही खेकडे धरीत असू. पलीकडच्या काठाला जावयास फरशी होती. श्रावणात ती पाण्याखाली गेली की शाळेला सुट्टी. पुढे कारखाने आले, त्यांच्यामागे माणसे आली, माणसांना घरे हवी झाली. कारखान्यांशी माझे भांडण नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरची चूल त्यांच्यावर पेटते. परंतु रात्री-बेरात्री ओढ्याच्या काठी गाड्या येऊन राडारोडा टाकू लागल्या. आधी काठ गेला, मग डोह गेला. मग कोणी एका बाजूला जाड नळ टाकून उरलेले पाणी त्यात कोंडले आणि वर मुरमाचा भराव घालून रोलर फिरवला. त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या. झाले प्लॉट.

त्यांतला दीड गुंठा मी घेतला.

साल २०१२. म्हणजे तेच साल, वाचकहो, ज्या साली मंगळावर गोटे सापडले. जागा दाखवावयास आईला नेले, तेव्हा ती इकडे-तिकडे पाहून म्हणाली, "अरे, हे तर ओढ्याचं पात्र. इथंच माझा धुण्याचा दगड होता." मी म्हणालो, "आई, सातबारा बघितलाय मी. सगळं व्यवस्थित आहे." ती गप्प राहिली. पुढे दिवाळीच्या आधी पायाचे खड्डे खणले. भरावाच्या खाली चार फुटांवर मुरूम संपला आणि गोटे लागले. गोल, गुळगुळीत, बदकाच्या अंड्याएवढे. गवंड्याने एक गोटा माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, "सर, हे काय वो? इथं नदी होती का काय?"

मी त्या आठवड्यातच शाळेच्या फळ्यावर मंगळावरच्या गोट्यांचे चित्र काढून मुलांना सांगितले होते, की गोटा गोल दिसला की समजावे, इथून पाणी वाहिले आहे. मुलांना ते फार आवडले होते. गवंड्याला मात्र मी म्हणालो, "असेल पूर्वी कधी. तू काँक्रीट ओत."

हा माझा गुन्हा. मला फसवले, असे मी म्हणू शकत नाही. आईने सांगितले होते आणि गोट्यांनी सांगितले होते. कर्जाचा पहिला हप्ता भरला होता आणि भाड्याच्या खोलीचा मालक दाराशी उभा होता, हे कारण खरे आहे. पण ते कारण आहे, उत्तर नव्हे.

पुढे एका भाद्रपदात रात्री दोन तास धो धो पाऊस पडला आणि आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. पीठ गेले, मुलीची पुस्तके गेली, एका कादंबरीचे हस्तलिखित गेले. तिची झळ मराठी वाङ्मयाला लागली असेल असे नाही. त्यानंतर मी भूमी अभिलेख कचेरीतून गावनकाशाची प्रत काढली. ओढा त्यावर ठसठशीत होता, आणि माझे स्वयंपाकघर त्याच्या बरोबर मधोमध. दहा वर्षे आधी ही प्रत काढावयास मला कोणी अडवले नव्हते.

मी एकटाच असा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा उलटला. त्या रात्रीच्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. ओढा नवा नव्हता. पेशव्यांच्या काळी त्याचा प्रवाह वळवल्याची नोंद आहे. मे २०२५ मध्ये आमच्या शेजारी चिखलीला, इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. पंचवीस वर्षे म्हणजे एका माणसाच्या नोकरीचा काळ. साडेतीनशे कोटी नव्हे. तीही आम्हाला वाचता आली नाही. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या भिंतींत घातली त्यांच्यावर हसण्याचा मला अधिकार नाही. माझी भिंत अजून उभी आहे, एवढाच माझ्यात आणि त्यांच्यात फरक.

आणि ज्यांना वाटते की ओढे गेले तर गेले, धरण आहे ना, त्यांनी ९ ऑगस्ट २०११ हा दिवस आठवावा. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. शहराचा नळ पोकळीतून येत नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी शेत असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने शहराला दिवसाआड पाणी देणे सुरू केले आणि तेच पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले. हे मंगळामुळे झाले काय? ज्या इंद्रायणीने तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या असे आपण सांगतो, तिच्यावर आळंदीत साबणासारखा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला. तो फेस कोणत्या ग्रहावरून आला?

आमच्या सभेत हसणाऱ्यांपैकी बहुतेकांची घरे त्याच भरावावर आहेत. मंगळावर पाणी शोधणाऱ्यांनी आमचे थेंबभरही पाणी घेतलेले नाही. आमचे पाणी आमच्या पायाखाली कोंडलेले आहे, आणि ते आम्ही कोंडले आहे. हे आठवू नये म्हणून आम्ही आकाशाकडे बोट दाखवून हसतो.

तेवढ्यावरून अंतराळाचा अभिमान मिरवणाऱ्या मंडळींनी खूश होऊ नये. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. मंगळयान पोहोचले त्या दिवशी आमच्या चौकात फटाके वाजले, पेढे वाटले, फलक लागले. फलकावर मंगळ होता, आणि फलक लावणाऱ्यांपैकी काहींच्या गाड्या रात्री ओढ्याच्या काठी रित्या होत होत्या. दुसऱ्या ग्रहावरची कोरडी नदी पाहून ज्याचा ऊर भरून येतो आणि स्वतःच्या गावची वाहती नदी ज्याला दिसत नाही, त्याने विज्ञानातले फक्त फटाके घेतले. मंगळ एके काळी ओला होता आणि आज कोरडा आहे. त्याचे हवेचे कवच विरळ होत गेले, काही पाणी अवकाशात उडाले, काही खडकांत मुरून बसले. तिथे दोष देण्यासारखे कोणी नव्हते. इथे आहे.

मागल्या वर्षी मी पाचवीच्या वर्गाला 'आमच्या गावची नदी' हा विषय चित्रकलेला दिला. बेचाळीस मुलांनी दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य आणि खाली निळी नदी काढली, तिच्यात होडी. आमच्या गावात कोणी कधी होडी पाहिलेली नाही. मी त्यांना रागावलो नाही. ज्याने नदी कधी पाहिली नाही त्याने ती पुस्तकातून काढली, तर चूक त्याची नव्हे.

म्हणून माझी मागणी थोडी आहे आणि तिला चारशे कोटी लागत नाहीत. या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या गावनकाशाची प्रत काढावी आणि ती भिंतीवर लावावी, जगाच्या नकाशाशेजारी. वर्षातून एक दिवस, पहिला पाऊस झाल्यावर, मुलांना घेऊन त्या नकाशावरच्या ओढ्याच्या रेघेवरून चालत जावे. रेघ जिथे भिंतीत शिरेल तिथे खूण करावी आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. चुकीचे कालवे चारचौघांत खोडण्याची रीत ज्यांना मुलांना शिकवावयाची आहे, त्यांनी आपला चुकीचा भराव चारचौघांत सांगावा.

आमच्या शाळेत तो नकाशा लागला आहे. येत्या ज्येष्ठात आम्ही निघणार आहोत. पहिली खूण माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर होईल; मुलांना तसे सांगून ठेवले आहे. आई आता थकली आहे, पण धुण्याचा दगड नेमका कुठे होता ते दाखवावयास ती येईन म्हणाली आहे.